कसा आहेस?

माझ्या मित्राला सातवा महिना लागला होता. रात्री साडेदहाला मी नेहमीसारखा फोन लावला आणि विचारलं, "काय रे, कशी आहेस?"

'रे' बरोबर आला होता, पुढच्याच शब्दाला जीभ घसरली. आठ वर्षांपूर्वी त्याने नाव बदललं आणि तो पुरुष म्हणून जगायला लागला, तेव्हा सुरुवातीला मी त्याच्याशी बोलताना अडखळायचे. मग ते अंगवळणी पडलं आणि त्यानंतर एकदाही चूक झाली नव्हती. त्याची दाढी, खर्जातला आवाज, दोन पायऱ्या एकदम चढायची सवय, सगळं मला पाठ होतं. तरी त्याच्या पोटात बाळ आहे एवढ्या एका गोष्टीवरून माझ्या मनाने मला न विचारताच त्याला पुन्हा बाई करून टाकलं.

तो जरा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "झोप होत नाही. पाठ दुखते. बाकी चाललंय." आणि दोन मिनिटांत फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी माफी मागितली. तो म्हणाला, "अगं, दिवसभर तेच ऐकतो मी. तपासणीला गेलं की ऐकतो, औषधाच्या चिठ्ठीवर वाचतो. ते आता अंगाला लागत नाही. पण तुझा फोन ही एक जागा होती."

हे सगळं त्याला विचारूनच लिहिते आहे. नाव, गाव, ओळख पटेल असं काही लिहायचं नाही, एवढीच त्याची अट.

त्या चुकीनंतर मी पुष्कळ दिवस माझ्या भाषेकडेच बघत बसले. मराठीत एखाद्याला 'बरं आहे ना' एवढं मोघम विचारता येतं. पण खरोखर त्याची चौकशी करायची असेल, तर 'कसा' की 'कशी' हे आधी ठरवावं लागतं. 'तुम्ही' म्हणूनही सुटका नाही, तिथेही 'कसे आहात' आणि 'कशा आहात' आहेच. म्हणजे आपल्याकडे माणसाच्या मनाची विचारपूस करणारं पहिलंच वाक्य त्या माणसाला ओळखून तरी घेतं किंवा नाकारून तरी टाकतं. उत्तराचंही तसंच. 'मी थकलो', 'मी थकले'. स्वतःबद्दल एक खरं वाक्य बोलायचं म्हटलं, तर आपण कोण आहोत हे क्रियापदाच्या शेवटी सांगावंच लागतं.

आणि बाळंतपणाचे शब्द तर बघा. दोन जिवांची, पोटुशी, लेकुरवाळी, बाळंतीण. 'गरोदर' हा शब्द दिसायला कुणालाही लागू होईल असा, पण तो ऐकताना डोळ्यांसमोर बाईच येते. 'बाळंतीण' या शब्दाला पुल्लिंगच नाही. मी बाळंतीण होते तेव्हा त्या एका शब्दाने मला केवढं काही मिळवून दिलं होतं! ती बाळंतीण आहे, तिला पडू दे, तिला उठवू नका, तिचं मन सांभाळा. शब्द होता म्हणून घरात माझ्यासाठी एक कोपरा होता. माझ्या मित्राने तेच सोसलं, पण त्याच्यासाठी तो कोपरा उघडणारा शब्दच कुणाकडे नव्हता.

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जन्माच्या वेळी ज्यांची नोंद मुलगी म्हणून झाली, पण जे पुरुष आहेत, ते ट्रान्स पुरुष. काही जण स्वतःला पुरुष किंवा स्त्री या दोन्ही चौकटींबाहेरचे मानतात. त्यांच्यातल्या अनेकांना गर्भाशय असतं, बीजांडं असतात, आणि काहींना मूल हवं असतं. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक औषध म्हणून घेतल्याने पाळी बहुधा थांबते, पण ते गर्भनिरोधक नाही. त्यामुळे ठरवून न केलेली गर्भधारणाही होते. ती कळते तो दिवस मनाला काय करतो, याची कल्पना बाहेरून करणं कठीण आहे.

माझ्या मित्राचं मात्र ठरवून होतं. मूल हवं होतं, स्वतःच्या पोटचं हवं होतं, आणि त्याच्या जोडीदारालाही हवं होतं. ते सोपं जाणार नाही हे त्याला माहीत होतं. काय अवघड जाईल याचा अंदाज मात्र चुकला. त्याला वाटलं होतं, पोट दिसायला लागल्यावर त्रास होईल. त्रास सुरू झाला तो पोट येण्याच्या किती तरी आधी.

टेस्टोस्टेरॉनचा गर्भाच्या वाढीवर, विशेषतः मुलीच्या गर्भावर, परिणाम होऊ शकतो. म्हणून दिवस राहण्याआधीच ते बंद करावं लागतं. बंद केल्यावर काही महिन्यांत पाळी परत येते. ज्या माणसाने वर्षानुवर्षं झगडून स्वतःचं शरीर स्वतःला राहण्याजोगं केलं, त्याने ते आपल्या हाताने पुन्हा मोडायला काढायचं. तो सांगत होता, पहिली पाळी परत आली त्या सकाळी तो न्हाणीघरात बराच वेळ नळ सोडून नुसता बसून राहिला. पाण्याच्या आवाजात रडणं ऐकू जात नाही म्हणून. बाहेर जोडीदार वाट बघत होता. ही आनंदाची बातमी होती, शरीर तयार होत होतं. तेव्हा दुःख सांगायचं कुणाला आणि कोणत्या तोंडाने?

डॉक्टर गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात. माझा मित्र टेस्टोस्टेरॉनच्या शेवटच्या इंजेक्शनपासून मोजत होता. तपासणीच्या कागदावर 'बारा आठवडे' लिहिलेलं असताना त्याच्या हिशेबात अकरा महिने झाले होते. अकरा महिने त्याचं मन उतारावर होतं आणि कागदाच्या लेखी गोष्ट नुकतीच सुरू झाली होती. या दोन हिशेबांतल्या अंतराबद्दल त्याला कुणी विचारलं नाही. विचारायला हवं होतं, असं मला फार वाटतं. ट्रान्स पुरुषाच्या बाबतीत मनाची काळजी घ्यायची वेळ दिवस गेल्यावर येत नाही, ती औषध थांबवण्याचा विचार सुरू होतो तेव्हाच येते.

शरीर आणि आपली ओळख यांच्या विजोडपणातून जो त्रास होतो त्याला डिस्फोरिया म्हणतात. तो प्रत्येकाला सारखा होत नाही. अमेरिकेतून २०१४ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पुरुष म्हणून जगायला लागल्यानंतर गरोदर राहिलेल्या ४१ जणांनी माहिती दिली होती, त्यातल्या २५ जणांनी आधी टेस्टोस्टेरॉन घेतलेलं होतं. त्यांच्यातल्या काहींचा त्रास गरोदरपणात वाढला. काहींनी मात्र सांगितलं की शरीराशी पहिल्यांदाच जमलं, जे शरीर इतकी वर्षं ओझं वाटत होतं ते काहीतरी घडवतंय, असं वाटलं. माझ्या मित्राला हे दोन्ही अनुभव आले, कधी कधी तर एकाच दिवशी. बाळाने पहिल्यांदा पाय मारला तेव्हा तो फोनवर हसत होता, आणि त्याच संध्याकाळी आरशावर त्याने टॉवेल टाकून ठेवला होता. यातलं एक खरं आणि दुसरं खोटं असं नव्हतं.

पुढच्याच वर्षी, २०१५ साली, आणखी एक छोटा अभ्यास आला. फक्त आठ जणांच्या दीर्घ मुलाखती. दिवस राहण्यापासून बाळंतपणापर्यंतच्या त्यांच्या सगळ्या बोलण्यात एक धागा सतत येत होता, एकटेपणाचा. ते वाचल्यावर मी तो कागद बाजूला ठेवला. माझ्या मित्राने 'एकटा' हा शब्द एकदाही वापरला नव्हता. पण सातव्या-आठव्या महिन्यात तो बाहेर पडायचा तो मोठं जाकीट घालून. लोकांना वाटायचं, पोट सुटलेला माणूस आहे, आणि त्याला तेच हवं होतं, कारण तेवढं तरी सुरक्षित होतं. पण त्याचा दुसरा अर्थ असा की कुणी उठून बसायला जागा दिली नाही. कुणी 'कितवा महिना' म्हणून विचारलं नाही. अनोळखी बायका माझ्या पोटाकडे बघून हसायच्या, मला तेव्हा त्याचा राग यायचा. त्या हसण्यांनी मला किती आधार दिला होता, ते त्याच्याकडे बघून कळलं. लपवलं तर आनंद वाटून घेता येत नाही आणि सांगितलं तर लोक बाई ठरवतात. या दोन्हींच्या मधे त्याने नऊ महिने काढले.

पुरुषाच्या पोटी मूल ही कल्पना आपल्या कानाला अगदी नवी नाही, हेही मला मग आठवलं. महाभारतातल्या युवनाश्व राजाची गोष्ट. राणीसाठी मंत्रून ठेवलेलं पाणी तो रात्री तहानेच्या भरात पितो, त्याला दिवस राहतात आणि त्याची डावी कूस फोडून मांधाता जन्माला येतो. आता हे बाळ काय पिणार, असा प्रश्न पडतो तेव्हा इंद्र त्याच्या तोंडात आपलं बोट देतो. 'मां धास्यति', हा मला पिईल, त्यावरून मांधाता. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला बोटाचंच नवल वाटायचं. आता वाटतं, बाळाच्या भुकेची चिंता करायला देव धावले, नावही ठेवलं गेलं. राजाला कुणी विचारलं का, की तुझं काय? कूस फुटलेला तो माणूस पुढे किती रात्री जागा होता, त्याबद्दल गोष्ट एक अक्षर बोलत नाही.

हल्लीच्या गोष्टींमध्येही तेच दिसतं. २००८ साली अमेरिकेत थॉमस बीटी यांनी मुलीला जन्म दिला, तेव्हा पोट दिसणारा त्यांचा फोटो जगभर फिरला. त्यावर विनोद झाले, वाद झाले. ब्रिटनमध्ये फ्रेडी मॅककॉनेल या पत्रकाराने २०१८ साली मुलाला जन्म दिला आणि जन्मदाखल्यावर 'वडील' किंवा निदान 'पालक' अशी नोंद मागितली. २०१९ साली न्यायालयाने सांगितलं की बाळाला जन्म देणारी व्यक्ती कायद्याने 'आई'च. २०२० साली अपिलातही तेच कायम राहिलं. केरळमध्ये झहाद आणि झिया पावल या जोडप्याला फेब्रुवारी २०२३ मध्ये बाळ झालं. झहाद यांनी जन्म दिला होता. दाखल्यावर आई आणि वडील असे रकाने न ठेवता दोघांनाही 'पालक' म्हणा, यासाठी ते उच्च न्यायालयात गेले आणि जून २०२५ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल लागला. मूल दोन वर्षांचं झालं तोवर. कायद्याच्या बाजूने यावर बोलणारे पुष्कळ आहेत. माझं लक्ष या तारखांच्या मधल्या काळावर जातं. बाळंतपणानंतरचे जे महिने मनासाठी सगळ्यात नाजूक, त्याच महिन्यांत एका माणसाला आपण कोण आहोत हे वकिलाकडे जाऊन शपथेवर सांगत बसावं लागतं.

याच्याही मागे जावं लागेल. स्वीडनने १९७२ साली कायदेशीर लिंगबदलाला मान्यता दिली, तेव्हा असं करणारे ते जगातल्या पहिल्या देशांपैकी होते. पण त्यासाठी नसबंदीची अट घातली होती. ती अट २०१३ साली गेली आणि २०१८ साली सरकारने तिला बळी पडलेल्यांना भरपाई देऊ केली. फिनलंडमधली अशीच अट २०२३ साली गेली. जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ती घटनाबाह्य ठरवली. म्हणजे अगदी आत्ताआत्तापर्यंत पुढारलेली सरकारंसुद्धा लिहून देत होती, की तू पुरुष हो किंवा मूल होऊ दे, दोन्ही मिळणार नाही. हे वाक्य कायद्याच्या पुस्तकातून खोडलं तरी माणसांच्या मनातून एवढ्यात जात नाही. ट्रान्स पुरुषांच्या स्वतःच्या मनातूनही जात नाही. माझा मित्र एकदा म्हणाला, "मला मूल हवंय असं डॉक्टरला सांगताना मी असा घाबरलो होतो, की जणू चोरी कबूल करतोय."

त्या भीतीनेच पुढचं सगळं बिघडलं, असं मी म्हणेन.

बाळंतपणाच्या आसपास नैराश्य ओळखण्यासाठी एक प्रश्नावली जगभर वापरतात. स्कॉटलंडमधल्या एडिनबरा शहराचं नाव तिला आहे. १९८७ साली ती प्रसिद्ध झाली. दहा प्रश्न, गेल्या सात दिवसांबद्दलचे. हसता येतंय का, उगाच स्वतःला दोष देता का, झोप लागते का, रडू येतं का, आणि शेवटचा दहावा, स्वतःला इजा करण्याचा विचार मनात आला का. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण तीस. साधारणपणे तेरा किंवा त्याहून जास्त गुण आले की पुढे नीट तपासणी करायला सांगतात. ही प्रश्नावली आयांसाठी तयार झाली. नंतर ती वडिलांसाठी वापरून पाहिली तेव्हा धोक्याची रेघ थोडी खाली घ्यावी लागली, कारण रडल्याचं पुरुष कमी सांगतात. मग माझ्या मित्राला कोणती रेघ लावायची? ज्याला आयुष्यभर 'पुरुषासारखा वाग' म्हणून कुणी शिकवलं नाही, पण ज्याने स्वतःहून न रडायला शिकून घेतलं, त्याला?

तो कागद त्याच्यापुढे आला तेव्हा बाळ सहा आठवड्यांचं होतं. कागदाच्या माथ्यावर 'आईचे नाव' असा रकाना होता. पुढची वाक्यं बाईच्या तोंडी घातलेली होती, मी घाबरले, मी रडले, अशी. त्याने पेन हातात घेतलं, रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं आणि दहाच्या दहा ठिकाणी शून्याला गोल केला. एकाही प्रश्नावर थांबला नाही. मला हे त्याने पुष्कळ नंतर सांगितलं. म्हणाला, "वाक्यं माझी नव्हतीच गं. ती जी कोण बाई आहे ती बरी असेल."

आणि त्याच्या खाली दुसरं कारण होतं. खरं लिहिलं तर काय होईल? मन ठिकाणावर नाही असं ठरवून टेस्टोस्टेरॉन पुन्हा सुरू करायला नकार देतील? बाळ सांभाळण्याच्या लायकीचा नाही म्हणतील? 'बघा, शेवटी शरीराने दाखवलंच' असं म्हणतील? पारलिंगी म्हणजे ट्रान्स असणं हाच आजार आहे असं वैद्यकशास्त्र कालपरवापर्यंत धरून चाललं होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत ते मानसिक विकारांच्या प्रकरणातून बाहेर आलं ते अकराव्या आवृत्तीत, आणि ती लागू झाली २०२२ साली. ज्याच्या असण्यालाच आजार म्हटलं गेलं, त्याने खरोखर आजारी पडल्यावर ते कबूल करायला कचरावं, यात नवल नाही.

बाळंतपणानंतरचं नैराश्य हे कुणाच्या कमकुवतपणाचं लक्षण नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की जगभरात सुमारे १० टक्के गरोदर स्त्रियांना आणि बाळंत झालेल्या सुमारे १३ टक्के स्त्रियांना मानसिक आजार होतो, मुख्यतः नैराश्य. वार पडली की इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरकं काही दिवसांत झपाट्याने खाली येतात. पहिल्या आठवड्यात उगाच रडू येणं, चिडचिड होणं बहुतेकांना होतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. ओसरलं नाही, तर ते वेगळं. हा उतार शरीराचा आहे आणि शरीर पुरुषाचं की बाईचं हे तो विचारत नाही. माझ्या मित्राच्या वाट्याला हा उतार तर आलाच, पण त्याच्याखाली आधीच जवळजवळ दीड वर्षाचा दुसरा उतार होता.

त्यात तिसऱ्या-चौथ्या दिवशी छाती भरून आली. त्याची छातीची शस्त्रक्रिया पाच वर्षांपूर्वी झालेली होती. आता दुधाचा प्रश्नच नाही, असं तो धरून चालला होता. पण शस्त्रक्रियेत सगळ्याच दूधग्रंथी निघतात असं नाही. जो थोडा भाग उरतो तो आपलं काम करायला जातो, आणि दुधाला बाहेर यायला वाट असेलच असं नाही. एका रात्री त्याच्या सपाट छातीच्या कडेला, व्रणाच्या रेषेखाली, लिंबाएवढी गाठ आली. ताप, ठणका. गाठीवर थंड पाण्याच्या घड्या ठेवत जोडीदार रात्रभर बसला. त्या गाठीचं दुखणं त्याने सोसलं. पण ज्या छातीसाठी त्याने इतकं काही केलं, तीच पुन्हा 'बाईची' होऊ बघतेय, या विचाराने तो दोन दिवस कुणाशीच बोलला नाही. हे त्याला आधी कुणी सांगितलं असतं, तर गाठ टळली नसती कदाचित, पण दगा दिल्यासारखं तरी वाटलं नसतं.

इथेही सगळ्यांचं सारखं नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा २२ जणांनी आपले अनुभव सांगितले. त्यांतल्या १६ जणांनी काही काळ बाळाला अंगावर पाजायचं ठरवलं होतं. कुणाला त्यात समाधान मिळालं, कुणाला ते सहन झालं नाही. टेस्टोस्टेरॉन पुन्हा सुरू केलं तर दूध कमी होऊ शकतं, म्हणून बाळाला काय द्यायचं आणि स्वतःला काय द्यायचं याचं गणित मांडावं लागतं. माझ्या मित्राने बाटलीने पाजलं आणि औषध लवकर सुरू करायचं ठरवलं. त्यावर जवळच्याच एकाने सुनावलं, "बाळापेक्षा दाढी महत्त्वाची?" माझ्या मते तो निर्णय बाळासाठीच होता. आपल्या शरीरात शांतपणे राहू शकणारा बाप ही बाळाची गरज आहे.

एक गोष्ट इथे लिहितानाही हात जड होतो. २०१९ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एका ३२ वर्षांच्या पुरुषाची हकिगत छापून आली. पोटात कळा आणि रक्तदाब वाढलेला, अशा अवस्थेत तो रुग्णालयात आला. आपण ट्रान्स आहोत आणि घरी केलेली गर्भचाचणी होकारार्थी आली आहे, हेही त्याने सांगितलं होतं. तरी नोंदीत 'पुरुष' होतं, म्हणून पोटदुखीचा साधा रुग्ण समजून त्याला थांबवून ठेवलं. काही तासांनी खरं लक्षात आलं, तोवर उशीर झाला होता. बाळ मृत जन्माला आलं. त्या माणसाने तर सांगितलं होतं. सांगूनही ऐकू गेलं नाही. माझ्या मित्राने दहा शून्यांना गोल केले त्याचं मूळ मला इथेही दिसतं.

मला त्याचं दुखणं कळलं ते मात्र कुठल्याच प्रश्नावलीतून नाही. बाळ दहा आठवड्यांचं असताना एका रात्री मी आमची बोलणी मनाशी आठवत होते. 'झोप होत नाही.' 'डोकं जड आहे.' 'बरं वाटत नाही.' 'बाळाचं झालं सगळं.' 'दिवस जातो.' आणि एकदम ध्यानात आलं की मी माफी मागितली त्या दिवसानंतर त्याने माझ्याशी 'मी'चं एकही वाक्य बोललं नव्हतं. मराठीत असं लपता येतं. झोप होत नाही, दिवस जातो. झोपेचं लिंग, दिवसाचं लिंग, त्यामागे माणूस कुठेच नाही. हे त्याने ठरवून केलं नव्हतं. पण जवळजवळ पाच महिने तो स्वतःच्या वाक्यांमधून निघून गेला होता आणि मला ते ऐकू आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी फोन केला नाही, मी गेले. त्याला समोर बसवलं आणि मला आठवत होतं ते सगळं माझं सांगितलं. माझ्या पहिल्या बाळंतपणानंतर सात महिने मी कशी होते ते. 'बाळाकडे बघ, सगळं विसरशील' असं म्हणणाऱ्या प्रत्येकाचा मला किती राग यायचा, बाळाला मांडीवर घेऊन मला कसे विचार यायचे. मग विचारलं, "मरून जावं असं वाटतं का?" हा प्रश्न थेट विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. तो आधीच असेल तर त्याला बाहेर यायला दार मिळतं. तो खूप वेळ खाली बघत होता. मग त्याने मान हलवली. हो.

पुढचं मी भराभरा सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं फार नाही, नुसतं करण्यासारखं होतं. त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेलो. समुपदेशक बदलले. नव्या बाईंनी पहिल्याच भेटीत कागद बाजूला सारून विचारलं, "तुमच्याबद्दल बोलताना मी कसं बोलू? आणि बाळ तुम्हाला काय म्हणणार आहे?" एवढ्यावर तो रडला, सगळ्यांसमोर. नैराश्यावरचं औषध सुरू झालं. टेस्टोस्टेरॉन कधी आणि किती, याची तारीख भिंतीवर लिहिली गेली. रात्रीची दोन पाजणं जोडीदाराने घेतली, कारण सलग पाच तासांची झोप हेही औषधच असतं. जोडीदारावरही कुणीतरी लक्ष ठेवलं, तोही खंगला होता. प्रश्नावली पुन्हा भरून घेतली, या वेळी वाक्यं त्याची करून, मी घाबरलो, मी रडलो. दहाव्या प्रश्नावर त्याने शून्याला गोल केला नाही.

हे वाचणाऱ्या कुणाच्या मनात तो दहावा प्रश्न असेल तर आजच, आत्ता, एका माणसाला सांगा. नीट वाक्य जुळलं नाही तरी चालेल. आणि तुमच्या ओळखीत असा कुणी असेल, तर त्याच्या पोटाची चौकशी करायच्या आधी त्याची करा. काय म्हणून हाक मारायची हे कळत नसेल तर त्यालाच विचारा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. चूक झाली तर सुधारा आणि पुढे बोला, पण ते बोलणं तोडू नका. मी एकदा चुकले. त्याहून मोठी चूक ही, की त्यानंतर अवघडून मी मोघमच विचारत राहिले, 'बरं आहे ना?'

बाळ आता अकरा महिन्यांचं आहे. धरून धरून उभं राहतं आणि बापाची दाढी मुठीत धरून ओढतं. औषध अजून चालू आहे. वाईट दिवस अजून येतात. परवा रात्री साडेदहाला फोन लावला. पाठीमागून बाळाच्या किरकिरीचा आवाज येत होता.

"काय रे, कसा आहेस?"

"थकलोय गं," तो म्हणाला. "दुपारी जरा रडलोही. पण जेवलो."